बुरणुसातला चाबूक

सकाळपास्नं आम्ही बायका कलीपाच्या अंगणात लोकर बडवत होतो. खाली कातडं, त्यावर लोकरीचा ढीग, दोन्ही हातांत वाळुंजाच्या काठ्या, अन् नुसती धपाधप. डोंगराकडनं वारा असा बोचरा सुटलेला की लोकर नाकातोंडात जात होती. ह्या लोकरीवर आधण ओतून, तुडवून जाड बुरणूस व्हायचा होता, बसायला अंथरायचा; तो कुणासाठी चाललाय ते सगळ्यांना ठावं होतं. कलीपाच्या लेकाची, शायिरबेकची, दुसरी बायको यायची होती. पहिली, झेयनेप, चुलवणापाशी पाणी तापवत बसली होती. सात वर्सं झाली लग्नाला, पाळणा हलला नव्हता. ओठ फुटलेला, डावा डोळा काळानिळा.

उडून आलेला एक पुंजका तिनं उचलून ढिगावर ठेवला, तशी कलीपा खेकसली, "हात काढ! वांझेचा हात लागला तर नव्या नवरीची कूस जळंल."

मला राहवलं नाही. बुर्माकान मी, तोंडाची फटकळ म्हणून गावभर बदनाम. पण ही एक गोष्ट एकोणतीस वर्सं गिळून बसले होते.

"मग माझा बी हात काढ, कलीपा!" मी काठ्या आपटल्या. "माझा एर्मेक माझ्या पोटचा न्हाय. पोटाला चिंध्या बांधून माहेरी गेले अन् बहिणीचा घेऊन आले. त्याच्या आधी अकरा वर्सं मार खाल्लाय. वैदू म्हनला, मेंढीच्या गरम फुफ्फुसानं बडवा, वांझपण उतरंल. नवऱ्यानं फुफ्फुस फाटंस्तवर बडवलं, मग लाथा घातल्या. दोन बरगड्या गेल्या माझ्या."

काठ्या थांबल्या. म्हातारी सायरा खाकरली. तिनं खांद्यावरचं कापड बाजूला केलं. सगळी कातडी चुरगळलेली.

"माझी तीन पोटातच गेली. तिसऱ्या टायमाला नवऱ्यानं उकळत्या चहाची किटली फेकली. मी लोकांना सांगितलं, चुलीत पडले. मेला तवा रडले बी त्याच्यासाठी, येडी!"

कलीपा एकटीच मान खाली घालून बडवत होती. पहिल्यापेक्षा जोरात.

"आक्का," झेयनेप माझ्याकडं बघत उठली. "माझ्यात खोट न्हाय. शहरातल्या डाक्तरणीनं तपासलं. म्हनाली, आता नवऱ्याला घिऊन ये. एवढंच सांगितलं ह्यास्नी. गळा दाबून म्हनले, पुन्हा बोललीस तर नदीत बुडवीन."

"काय बोललीस?"

शायिरबेक दारात घोड्यावर. उडी मारली ती थेट तिच्यावर. वेणी हाताला गुंडाळून फरफटत आणली अन् चाबूक ओढला. एक, दोन, तीन. कानामागनं रक्ताची चिळकांडी पांढऱ्या लोकरीवर उडाली. आम्ही थिजलोच, खोटं कशाला सांगू.

तिच्या हाताला माझी काठी लागली. तिनं ती अशी फिरवली की त्याचं मनगट कडकन वाजलं. चाबूक गळून पडला. दुसरा तडाखा गुडघ्यावर.

"चल डाक्तरणीकडं! चल म्हनते ना!" ती किंचाळत होती अन् मारत होती. तवर आम्ही पण काठ्या घेऊन भोवती उभ्या राहिलो.

"आई! बघतीस काय?" तो ओरडला.

कलीपा उठली. मला वाटलं, आता सुनेचा गळा धरणार. तिनं चाबूक उचलला, मुठीवरनं अंगठा फिरवला.

"तुझ्या बापाचा ह्यो. तू व्हायच्या आधी सहा वर्सं खाल्लाय मी. तुला घोड्यावर बसायला शिकवलं तवा घोडा हाकायला म्हनून दिला होता, लेका."

तिनं चाबूक शेजारी अंथरलेल्या चटईवर ठेवला, वर लोकर पसरली. मग माफी नाही, काही नाही, एवढंच म्हणाली, "झेयनेप, पाणी वत."

झेयनेपनं आधण ओतलं. आम्ही चटई गुंडाळली अन् दुपार कलंस्तवर तुडवली. शायिरबेक भिंतीशी मनगट धरून कण्हत होता.

दुसरं लगीन मोडलं. ठरलेल्या पोरीच्या आईला मीच सगळं सांगून आले. झेयनेप तोच बुरणूस घेऊन माहेरी गेली. मूल नाही तिला. कधी कधी रडते त्यापायी, का रडू नये? पण आजूबाजूच्या गावांतनं अशाच मार खाल्लेल्या, वांझ ठरवलेल्या बायका तिच्याकडं येतात, त्या बुरणुसावर बसतात. त्याच्या मधोमध आतल्या चाबकाचा उंचवटा आहे, नवीन आलेलीला तो टोचतो. ती सरकते अन् विचारते, हे काय गं खाली?

मग झेयनेप चहा ओतते आणि पहिल्यापास्नं सांगायला लागते.