आप्पांचा शोकप्रस्ताव

आप्पांचा चौदावा उरकला आणि दुसऱ्याच संध्याकाळी सरपंच आदिनाथ घरी आला. आईच्या पाया पडून चटईवर बसला.

"काकू, उद्या ग्रामसभा हाय. आप्पांच्या दुखवट्याचा ठराव पहिल्या नंबरला घेतलाय. तुम्ही यायलाच पाहिजे. गाडी पाठवतो."

"मी कुठं येऊ, बाबा? महिनाबी झाला न्हाई."

"तुम्हीच न्हाई आलात तर ठराव कुणासमोर घ्यायचा? सगळं गाव उभं राहणार हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिला काही हवंसं वाटल्याचं मला पहिल्यांदा दिसलं. "येते," ती म्हणाली.

मी नांदेडला असते, विष्णुपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्नानंतर निलंगा तालुक्यातल्या या माहेरच्या गावाशी माझा संबंध दिवाळी आणि आजारपणं एवढाच उरला होता. आप्पांचं शेवटच्या वर्षांतलं आयुष्य मला फोनवरून कळलेलं. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात गावातली पोरंपोरी जमवायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, तलावात किती साठला, जनावरं किती, माणसं किती, पाण्याच्या मोटारी किती, याचा हिशेब ती पोरं मांडत. आधी लोकांना ती रिकामटेकड्यांची शाळा वाटली. मग पोरांनी ग्रामसभेसाठी एक ठराव तयार केला, तेव्हा लोकांना आप्पांचा राग येऊ लागला.

ठराव साधा होता. जानेवारी संपली की पाझर तलावात कुणीही मोटार टाकायची नाही. उरलेलं पाणी गावाच्या विहिरीसाठी आणि जनावरांसाठी. यंदा सप्टेंबरात दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला होता, सोयाबीन पाण्यात गेलं होतं आणि तलाव काठोकाठ होता. लोक म्हणत, तलाव भरलेला असताना हे कशाला? पोरांचं म्हणणं, भरलेला असतानाच ठरवायचं. नोव्हेंबरात उसाची लागवड होते. ऊस एकदा उभा राहिला की उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडा असं कुणाला सांगता येत नाही. म्हणून ठराव ऑक्टोबरातल्या याच सभेत व्हायला हवा होता. पुढची सभा थेट सव्वीस जानेवारीला.

आदिनाथनं हा विषय पत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला घेतला होता. आप्पांनीच त्याला ते करायला लावलं होतं.

सभा शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. एरवी गणपूर्तीसाठी घरोघर माणूस पाठवावा लागतो, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. आईला पुढे खुर्ची दिली. मी तिच्या बाजूला खाली बसले. मागे भिंतीला टेकून आप्पांची पोरं उभी होती. त्यांच्यात रुद्राणी होती, अकरावीतली. तिच्या हातात गुंडाळलेला तक्ता होता. शेजारी प्रेम. तो नुकताच अठराचा झाला होता, म्हणून ठराव त्यानं मांडायचा असं ठरलं होतं.

आदिनाथ चांगलं बोलला. शिकवलेलं वाटत नव्हतं. मग एकेक जण उठला. कुणाला आप्पांनी पीकविमा मिळवून दिला होता, कुणाच्या मुलीचं दहावीत बंद होणारं शिक्षण चालू ठेवायला लावलं होतं. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी आईचा हात धरला होता आणि हे संपू नये असं मला वाटत होतं.

शेवटी रेवणप्पा उठले. आप्पांचे बालमित्र. बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. पंच्याने डोळे पुसून म्हणाले, "काय बोलू? माझा जोडीदार गेला. आज दुसरं काई कामकाज करू नये बाबांनो. त्याच्या नावानं उभं राहावं आन् घरला जावं."

"बरोबर हाय," आदिनाथ लगेच म्हणाला. "मोठमोठ्या सभागृहात हीच रीत हाय. शोकप्रस्ताव घेतात आणि त्या दिवशीची सभा तहकूब करतात. आप्पा आपल्या गावात तेवढ्याच मोलाचे होते. काय मंडळी?"

"हाव, तहकूब करा," चारपाच आवाज आले. ते आवाज उसवाल्यांच्या बाजूचे होते, पण सगळेच तसे नव्हते.

मी मागे वळून पाहिलं. पोरांनी माना खाली घातल्या होत्या. रुद्राणी तक्ता आणखी घट्ट गुंडाळत होती. तेव्हा मला कळलं की ती बोलणार नाहीत. आप्पांचा मान नको, आमचा विषय घ्या, असं त्यांच्यापैकी कोण म्हणणार? ज्यांना आप्पा सगळ्यात जास्त हवे होते त्यांचीच तोंडं बांधली गेली होती. रेवणप्पांचे अश्रू खरे होते, ही त्यातली आणखी मोठी अडचण.

मी उठले. "सभा तहकूब करू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "ताईचं मतदान नांदेडला हाय ना?"

"मत देत नाही मी. घरची म्हणून सांगते. पाचवा विषय आप्पांनी लावलेला होता. तो होऊ द्या."

"ताई, विषय कुठं पळून चाललाय?" आदिनाथ समजुतीनं म्हणाला. "जानेवारीत घेऊ की."

"जानेवारीत ऊस गुडघ्याला लागलेला असेल."

कुणीतरी हसलं. आदिनाथचा चेहरा बदलला नाही. तो आईकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई."

आईनं पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेक म्हणती तसं करा."

आदिनाथनं समोरची पत्रिका उलटून पाहिली. मग म्हणाला, "ठीक हाय. पण मग दुखवटा शेवटी घेऊ. आप्पांसाठी उभं राहायचं आणि लगेच खाली बसून मोटारीवरून भांडायचं, बरं दिसत न्हाई." मला ते पटलं. मी हो म्हणाले. त्यापुढचा विचार मला सुचला नाही.

मधले विषय भराभर गेले. प्रेमनं ठराव वाचला, अडखळत. रुद्राणीनं तक्ता उलगडून धरला.

"आता पोरीबाळींनी आमच्या मोटारी मोजायच्या का?" एक जण ओरडला.

"मोजल्या की," रुद्राणी म्हणाली. "तुमच्या दोन हायत, काका. एक काकूच्या नावावर हाय."

बायकांकडून मोठ्यानं हसू आलं. "तिला तर म्हाईतच न्हाई!" कुणीतरी भर घातली.

"हसा," तो म्हणाला. "तलाव ओसंडून वाहून राहिला आन् हे पाणी तोडायला निघाले."

"काका, दोन वर्षांमागंबी पोळ्याला भरलेला होता," रुद्राणी म्हणाली. "होळीला टँकर आला. तेव्हा तुम्हीच रांगेत माझ्या मायच्या पुढं घुसला होता." ह्यावर तो खाली बसला.

पण ते एवढ्यावर मिटलं नाही. तासभर वाद चालला. ज्यांचा खोडवा, म्हणजे मागच्या तोडणीनंतर फुटलेला ऊस, उभा होता त्यांनी विचारलं, त्याचं काय करायचं? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि पोरांकडे त्याचं पुरतं उत्तर नव्हतं. शेवटी जानेवारीची मुदत महाशिवरात्रीपर्यंत वाढली. शिवरात्रीनंतर मोटार नाही. प्रेमनं रुद्राणीकडे पाहिलं, तिनं नाइलाजानं मान हलवली. हात वर झाले. ग्रामसेवकानं दोनदा मोजले. ठराव निसटता मंजूर झाला, तोही पाणी भरणाऱ्या बायकांच्या हातांवर. रेवणप्पांचा हात विरोधात होता. आप्पांवर त्यांची माया होती आणि तलावाखाली त्यांचा ऊसही होता.

ऊसवाले तिथेच उठून गेले. बायकांना स्वयंपाकाची घाई होती. इतरांचा जो विषय होता तो संपला होता. आदिनाथनं कुणाला थांबवलं नाही, घालवलंही नाही. ग्रामसेवकानं शोकप्रस्ताव वाचायला घेतला तेव्हा शेडमध्ये पुढे पंधरावीस माणसं होती आणि मागे ती पोरं. रेवणप्पा मात्र थांबले होते. आम्ही उभे राहिलो. ग्रामसेवकानं आप्पांचं नाव वैजनाथऐवजी विश्वनाथ वाचलं. प्रेमनं मागून दुरुस्त केलं.

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना मी म्हणाले, "आप्पांना आवडलं असतं, आई."

"तसं म्हणू नको मला." ती भिंतीला टेकून बसली. "त्यांना काय आवडलं असतं ते मला म्हाईत हाय. चाळीस वर्षं तेच बघितलं. पण ते गेले. मला आवडलं असतं, सगळं गाव उभं राहिलेलं. मला बघायचं होतं."

मलाही बघायचं होतं, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. मी दिवा लावला, भाताला पाणी ठेवलं.

भात शिजत आला तेव्हा तिनं विचारलं, "शिवरात्रीनंतर खरंच बंद होतील का गं मोटारी?"

"माहीत नाही. कागदावर तर झाल्या. पोरं लक्ष ठेवतील."

"पोरांचं कोण ऐकतंय?" आई म्हणाली. "न्हाई झाल्या तर मी जाऊन बसते आदिनाथच्या दारात. माझा ठराव गेलाय त्याच्यात."