वडगावातला इटालियन माग

मित्रांनो, मी एक जुना माग आहे. जन्म इटलीतला, संसार बेळगावच्या वडगावातला. तिकडच्या गिरणीत ओरेस्ते नावाच्या मिस्त्रीने मला उमेदीची वर्षे सांभाळले. घरी जाताना तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, “स्तामी बेने.” म्हणजे, नीट राहा, येतो. पुढे गिरणीने मला विकले आणि मी दुर्गाबाईंच्या दारात उतरलो. आत मावेना, म्हणून त्यांनी भिंत पाडली. नव्या सुनेसाठीसुद्धा कुणी भिंत पाडत नाही.

मी भरपूर साड्या विणल्या. दुर्गाबाईंच्या मुलाचे, समर्थचे लग्न माझ्याच कमाईवर झाले. यंदा खंडेनवमीला माझी थाटात पूजा झाली आणि दसरा सरताच मी बंद पडलो. सुरू व्हायचो, लगेच थांबायचो. गावातले मिस्त्री हात टेकून गेले.

“आई, सोमवारी भंगारवाला येतोय,” समर्थ म्हणाला.

“गप रं! तुझं लगीन कुणाच्या जिवावर झालंय?”

सून सौम्याने मला इथे आणणाऱ्या जुन्या दलालाकडून ओरेस्तेचा नंबर मिळवला आणि व्हिडिओ कॉल लावला. त्याला फक्त इटालियन येई. मोबाईल इंग्रजीचे इटालियन आणि इटालियनचे इंग्रजी करून बोले. मागाकडे लक्ष द्या, एवढे सांगायला सौम्याने लिहिले, ‘टेक केअर’. मोबाईल गोड आवाजात म्हणाला, “स्तामी बेने.” ओरेस्तेला वाटले, परक्या देशातून कुणी फोन करते आणि लगेच निरोप घेते! त्यानेही नम्रपणे “चाव”, म्हणजे अच्छा, म्हणून फोन ठेवला.

“एवढ्यात उठला?” दुर्गाबाई म्हणाल्या. “च्या तरी घेतला असता.”

“आत्ती, माझंच चुकलं. काळजी कुणी घ्यायची, कशाची घ्यायची, काय सांगितलंच न्हाय.”

माझी तर ती मायबोली. पण मागाला तोंड नसते, नुसता आवाज असतो. तोही बंद होता.

सौम्याने पुन्हा फोन लावून सगळे लिहिले: आमचा माग बंद आहे, त्याची काळजी तुम्हीच घ्या. आता मोबाईल म्हणाला, “ची पेन्सी लेई.” तुम्हीच बघा. ओरेस्तेने बाह्या सरसावल्या. “ची पेन्सो इओ!” मी बघतो!

समर्थने मला चालू केले आणि दाखवायला आत हात घातला. ओरेस्ते इटलीतून ओरडला, “अत्तेंतो!” सांभाळ! समर्थने हात मागे घेतला, मग मोबाईल शांतपणे म्हणाला, “टेक केअर.”

मोबाईल माझ्या अंगावरून फिरला. ओरेस्तेचा चेहरा पडला.

“आत्ती, मशिनला रक्त का येतंय म्हणून इचारतोय.”

“रक्त न्हवं बाबा, कुंकू हाय! कपाळाला लावलंय.”

मित्रांनो, ते कपाळ नव्हते. धागा तुटला का, हे बघायचा तो माझा काचेचा डोळा होता. कुंकवाने तो झाकला, म्हणून धागा तुटला असे समजून मी सारखा थांबत होतो.

दुर्गाबाईंनी पदराने तो पुसला. “डोळ्यातच घातलं व्हय रं मी? आणि बोलला न्हाईस!”

बटण दाबले. मी खडखडलो, थांबलो नाही. समर्थने आधी भंगारवाल्याला नको म्हणून कळवले. ओरेस्ते आपले डोळे पुसत म्हणाला, “स्तामी बेने.”

सौम्या अर्थ सांगणार, तोवर दुर्गाबाई म्हणाल्या, “व्हय रं बाबा. तूबी.”

तेव्हा मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, फक्त आधी डोळे कुठे आहेत ते विचारा. आता माझे कुंकू पाठीवर लागते. ओरेस्ते थाप मारायचा, अगदी तिथेच.