छोट्या फाइलीत न मावलेली शीळ

बेअरिंग झिजायला लागलं की मोटारीच्या घरघरीआड एक बारीक शीळ वाजते. ती ऐकायची आणि पंप वेळेत बंद करायला लावायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. आणि आता म्हणे माझे कान गेले!

साहेबांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वी मी प्रत्येक पंपापाशी जाऊन ऐकायचे. ते बंद करून आवाज रेकॉर्ड करून मागवायची टूम यांचीच. वर फतवा काढला, फाइल जड नको, एमपीथ्री करून होईल तितकी छोटी करा. तीन नंबरच्या पंपाची तशी फाइल आली, मी ऐकली, 'ठीक' लिहिलं. दोन दिवसांनी बेअरिंग फुटलं, उकळतं तेल उडालं आणि पंपवाल्याचा हात भाजला. आता माझं काम काढून घ्यायचं पत्र टेबलावर तयार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"सही करण्याआधी पाच मिनिटं द्या," मी म्हटलं.

पंपवाल्याच्या रेकॉर्डरवर मूळ रेकॉर्डिंग अजून होतं. त्यालाही बोलावलं. बिचारा बँडेजचा हात टेबलावर ठेवून बसला.

आधी छोटी फाइल लावली. नुसती घरघर. मग त्याच आवाजाची जरा मोठी एमपीथ्री. घरघरीआड काहीतरी होतं, पण पाण्याखालून आल्यासारखं.

"दोन्ही सारख्याच," साहेब म्हणाले.

"मोठ्या आवाजाआडचा बारीक आवाज कुणाला ऐकू येत नाही, असं धरून फाइल छोटी करताना तो उडवतात. मी नेमका तोच ऐकायचा पगार घेते, साहेब."

मग मूळ रेकॉर्डिंग लावलं. साहेब घड्याळ बघत होते. पंपवाल्यानं मात्र झटकन हात उचलून छातीशी धरला.

"हीच ती. रोज कानावर पडायची, ताई. पण तुम्ही ठीक लिहिलंत, म्हटलं असेल ठीक."

माझा राग दुप्पट झाला.

साहेब खाकरले. "पण एवढी मोठी फाइल पोचायला वेळ किती लागतो?"

"चार मिनिटं."

पंपवाला हाताकडे बघत म्हणाला, "मला डॉक्टरांनी चार महिने सांगितलेत, साहेब."