अडुसष्ट अंश

इंदुमतीबाईंनी पेनाचं टोक ड्रॉइंगमधल्या हॉपरवर, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यावर, नेमकं टेकवलं आणि चष्म्यावरून अर्पितकडे पाहिलं.

"हा उतार साठवरून अडुसष्ट अंशांवर का नेलात?"

अर्पित हसला. सांवेर रोडवरच्या या कारखान्यात नमकीन पाकिटांत भरायची यंत्रं बनत. डिझाइन विभागाचा प्रमुख तो. रतलामहून यंत्र बघायला आलेल्या या बाईंना 'माझं डिझाइन' असं तीनदा सांगून झालं होतं. हसता हसता त्याने शेजारी बसलेल्या, त्याच्या हाताखालच्या मितालीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

हे नेहमीचंच. तो पाहायचा, ती उत्तर पुटपुटायची, तो मोठ्याने बोलायचा. वर दोन वर्षं रोज एकच पालुपद, "नशीबवाली आहेस मिताली. मी सांभाळून घेतो म्हणून टिकलीस." ऐकून ऐकून तिला ते खरं वाटू लागलं होतं. एकेक ड्रॉइंग ती पाच-पाच वेळा तपासे, रविवारीसुद्धा. सव्विसाव्या वर्षी कंगव्यात केसांचे पुंजके येत. सकाळी गेटपाशी स्कूटी थांबवताना, आज आपलं बिंग फुटणार, ही एकच धास्ती.

गेल्या आठवड्यात ती तापाने फणफणली होती, तेव्हा अर्पितने मालकांना मेल केला, 'मितालीला ताण झेपत नाही. सोपं काम द्यावं.' चुकून तो तिलाही आला.

आज उत्तर न पुटपुटता तिने वही मिटली.

"मिताली, बता ना. मॅडमना सांग."

"डिझाइन तुमचं आहे सर. मी काय सांगू?"

अर्पितचे कान लाल झाले. "ते... इंडस्ट्री स्टँडर्ड आहे, मॅडम."

"स्टँडर्ड साठ आहे," म्हणत इंदुमतीबाईंनी फाइल बंद केली.

मितालीने नजर हटवली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम ती चवीने बघत राहिली. उत्तर मात्र जिभेवर येऊन धडका देत होतं. श्रावणात तेलकट शेव दमट होऊन चिकटते, साठावर अडते. पत्र्यावर शेव ओतून ओतून तिने आठवडा काढला होता. सदुसष्टावरही अडली होती. दात आवळून बसावं लागलं तेव्हा कुठे तिला कळलं, आपल्याला केवढं येतं.

बाई उठून गेल्यावर अर्पितने तिला गाठलं.

"बदला घेतलास?"

"हो सर."

नकाराची वाट पाहणारा त्याचा चेहरा ओशाळला. आवाज उतरला. "का केला होता अडुसष्ट? मला खरंच माहीत नाही गं."

तिला क्षणभर दया आली. ती तिने गिळली आणि जिना उतरून थेट बाईंची गाडी गाठली. वर काचेतून अर्पित बघत होता. त्याला नीट दिसावं म्हणून ती मुद्दाम उन्हात उभी राहिली.

"मॅडम, उताराचं मी सांगते. ते काम माझं आहे."

तिने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आत गप्प का बसलात?"

"आत सांगितलं असतं तर ते त्यांचं झालं असतं."

बाई हसल्या नाहीत. "बरं. आणि आमची मूगडाळ? ती या उतारावरून उडणार तर नाही?"

मितालीने तोंड उघडलं. डाळीचा तिने विचारच केला नव्हता. नेहमीची धास्ती येईल म्हणून ती थांबली. आली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "करून बघते आणि कळवते."