सोनेरी अंड्याचा हातगुण

जेवणाच्या सुट्टीत खेळण्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या टेबलावर पॅकिंगवाला मामा मांडी ठोकून बसला होता, हातात ड्रायव्हरचा मोबाइल. त्याने डोळे मिटले, पडद्यावर फुंकर घातली, तीनदा बोट टेकवलं. गेममधलं अंडं तडकलं आणि सोनेरी पक्षी बाहेर पडला!

"बघितलंत? हातगुण लागतो!" मामा म्हणाला. "मात्र आधी जुना गेम काढून टाकायचा, नव्याने घ्यायचा, माझा कोड टाकायचा. जुन्या गेमला जुनं नशीब चिकटलेलं असतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कल गहाण टाकल्यावर मान डोलवायला कितीसा वेळ लागतो!

तपासणी विभागातली ताई मागे उभी होती, शेजारी तिची नऊ वर्षांची लेक. मामा ताईचा सख्खा धाकटा भाऊ. हा गेम भाचीला त्यानेच दिला होता. ताईने तेव्हा वयाचं लेबल पाहिलं: 'तीन वर्षांवरील सर्वांसाठी'. ती निर्धास्त झाली. वीस वर्षं ती बाहुल्यांचे डोळे ओढून बघत होती. डोळा निघाला नाही, तरच खोक्यावर हेच लेबल चिकटवत होती. लेबल आहे म्हणजे कुणीतरी ओढून पाहिलंय, असं ती धरून चालली.

लेकीला पहिल्या दिवशी तीन सोनेरी पक्षी मिळाले. मग एकही नाही. वाढदिवसाचे सगळे पैसे अंड्यांत गेले. मामा म्हणाला, "तुझ्या हाताला गुणच नाही गं." तेव्हापासून पोरगी कुंडीतल्या रोपालाही पाणी घालेना. माझा हात लागला तर ते मरेल, म्हणायची. पण एक गोष्ट तिला खटकली होती: मामा जुन्या गेमला कधी हातच लावत नव्हता.

"दहा जणांनी गेम काढून नव्याने घ्या," ताई पुढे येऊन म्हणाली. "कोड नको, फुंकर नको. अंडी माझी लेक फोडेल."

"ताई, घरचं भांडण इथे कशाला?"

"भांडण नाही. तपासणी आहे."

लेक हात मागे लपवू लागली. ताईने तिचं बोट हलकेच पडद्यावर टेकवलं. सोनेरी! दहा फोन, प्रत्येकी तीन फुकट अंडी, तीसच्या तीस सोनेरी.

चौथं अंडं विकतचं. ताईने तीन फोनवर स्वतः पैसे भरून ते मामापुढे धरले. मामाने घामाघूम होत फुंकर घातली. तिन्ही अंड्यांतून दगड निघाले.

"गेम नव्याने घेणाऱ्याला पहिली तीन सोनेरी, चटक लागावी म्हणून," ताई म्हणाली. "पुढे पैसे आणि दगड. हा जुगार आहे. आणि तुझ्या कोडवर येणाऱ्या प्रत्येकामागे कंपनी तुला काय देते रे?"

मामा चपला शोधू लागला.

लेबल कोण देतं, असं ताईने आधीच पत्राने विचारलं होतं; सरकारी कार्यालयाचं उत्तर तिने वाचून दाखवलं. वयाचं लेबल कंपनीने भरलेल्या फॉर्मवरून मिळतं. 'जुगार आहे का?' या प्रश्नापुढे कंपनीनेच 'नाही' लिहिलं होतं. डोळा कुणीच ओढून पाहिला नव्हता.

"तक्रार लिहिलीय, सह्या करा. मुलांचा गेम आधी तपासा, मगच लेबल लावा, हे सरकारला सांगायलाच हवं. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी आपणही तपासून बघू या."

ड्रायव्हरने पहिली सही केली. लेक मात्र मामाकडे बघत होती.

"मामा, तुला आधीपासून माहीत होतं?"

मामा अनवाणीच दाराबाहेर पडला.