गादीवरचा पाय

माणकचंदशेठांचा उभा जन्म जळगावात कापडाच्या दुकानातल्या गादीवर गेला. उजवा पाय दुमडून मांडीखाली घेतल्याशिवाय त्यांना बसल्यासारखंच वाटत नसे. जेवणाच्या टेबलाशी तेच, लग्नमंडपातल्या खुर्चीवरही तेच. मग नव्या गाडीने काय घोडं मारलं होतं?

गाडी अखिलने, मुलाने, घेऊन दिली होती. वेग ठरवून दिला की ती पुढच्या गाडीमागे अंतर राखून आपली आपण चालायची. पुढची हळू झाली की हीही हळू. अखिलने बजावलं होतं, "पप्पा, तरी पाय ब्रेकजवळच ठेवायचा. रस्त्यात उभं असलेलं वाहन हिला कळेलच असं नाही. ऊन समोरून आलं की हे बंदच ठेवा. आणि एकदा जरी गडबड झाली, तर किल्ली ड्रायव्हरकडे जाईल."

शेठ असे भडकले होते! सत्तरी उलटली म्हणून काय झालं? बायकोला, धनकुंवरबाईंना, धुळ्याला लेकीकडे, चेलनाकडे, न्यायचं ते आपणच न्यायचं. तेवढं एक सुख उरलं होतं, ते ड्रायव्हरला कशाला द्या?

त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. धनकुंवरबाई जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. पारोळ्यात त्या म्हणाल्या, "मेथीच्या पुऱ्या आणल्यात. इथंच दोन घास खाऊन घेऊ."

"छे! चेलनाने बाट्या केल्या असतील. दिवस मावळायच्या आत तुला ताटावर बसवतो, बघच तू."

पारोळं मागे पडलं आणि शेठांनी शंभरचा वेग लावून दिला. पुढे एक पांढरी जीप जरा हळू चालली होती, तिच्यामागे गाडी शहाण्यासारखी चालू लागली. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पायांना काम उरलं नाही, तसा उजवा पाय सवयीने वर आला.

"अहो, पाय खाली घ्या."

"गाडी बघतेय ना सगळं! तू निवांत बस."

तेवढ्यात जीप झटकन बाजूच्या लेनमध्ये गेली. पुढे रस्ता मोकळा समजून गाडीने वेग धरला. पण रस्ता मोकळा कुठला! उन्हाच्या झळाळीत कापसाने भरलेली एक ट्रॉली टायर फुटून उभी होती.

"अहोऽऽ!"

शेठांनी पाय ओढला, तर तो मांडीखाली अडकलेला. कसाबसा सोडवून त्यांनी अंगाचा सगळा भार ब्रेकवर टाकला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारा कापूस काचेला टेकला होता.

त्यांनी गाडी कडेला घेतली. पुऱ्यांचा डबा धनकुंवरबाईंच्या पायाशी पालथा पडला होता. सूर्य अजून होता, पण खायला काही उरलं नव्हतं. दोघं तो बुडेपर्यंत बघत राहिले.

अखिलचा फोन आला. गाडीभर त्याचा आवाज घुमला. "पोचलात का? गाडीने काही त्रास नाही ना दिला?"

धनकुंवरबाईच म्हणाल्या, "सगळं छान आहे बेटा. जरा थांबलोय एवढंच."

किल्ली वाचली! शेठांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोकडे पाहिलं. ती पायाशी सांडलेल्या पुऱ्या डब्यात भरत होती. जन्मात खोटं न बोललेली बाई उपाशीपोटी, त्यांच्यासाठी, मुलाशी खोटं बोलली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अखिल, आई खोटं बोलतेय," ते म्हणाले. "मी पाय वर घेऊन बसलो होतो. तिला मारलं असतं रे मी आज."

अखिल हळूच म्हणाला, "पप्पा, तिथंच थांबा. मी येतो. आणि किल्ली..."

"हो. किल्ली तुझी."

फोन बंद झाला. शेठांनी खिशातली किल्ली काढून बायकोच्या ओंजळीत ठेवली. तिने ती मुठीत धरली, आणि वाकून अंधारात त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला.

पाय खाली होता. शेठांनी तो ब्रेकवर अजून तसाच दाबून धरला होता.