आतली वीतभर जागा

मित्रांनो, मी एक जुनी मारुती व्हॅन आहे आणि मला नाक नाही. इतर मोटारींना पुढे लांबलचक नाक असते, त्यात त्यांचे इंजिन बसवलेले असते. मला घडवणाऱ्यांनी इंजिन पुढच्या बैठकीखाली सरकवले आणि उरलेली जागा माणसांना देऊन टाकली. त्यामुळे उन्हाळ्यात चालवणाऱ्याची बैठक तापते, हे मी कबूल करते. पण बाहेरून मी जेवढी दिसते, त्यातले फार थोडे मी स्वतःसाठी ठेवले आहे.

काटेवाडीच्या सावळारामांनी मला १९९१ साली पुण्याहून आणले. तेव्हाही मी वापरलेलीच होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, फुलाबाईंनी, मला पाहून तोंडाला पदर लावला. "सावळा, हिचा म्होरचा तुकडा कुठं पाडून आलास?" त्या दिवसापासून माझे नाव नकटी पडले. मला राग आला, पण मोटारीच्या रागाला विचारतो कोण?

सावळारामांनी माझे मागचे बाक काढले आणि मला भाजीच्या कामाला लावले. रोज सकाळी टोमॅटोचे क्रेट आणि मेथीच्या जुड्या घेऊन मी बारामतीच्या बाजारात जायची. माल रचायचे काम त्यांच्या पत्नीचे, प्रयागबाईंचे. सावळाराम "भरली गाडी" म्हणायचे आणि प्रयागबाई आत डोकावून म्हणायच्या, "आजून दोन बसत्यात." खरेच बसायचे. माझ्या आतली जागा त्यांच्याइतकी कुणालाच कळली नाही, मला घडवणाऱ्यांनाही नसेल.

मग १९९५ च्या मे महिन्यात त्यांच्या लेकीचे, प्रगतीचे, लग्न ठरले. नवरदेव इंदापूरचा, नोकरीला फौजेत. लग्न त्याच्या दारी होते. नऊ दिवस राहिले असताना प्रयागबाईंचा ओल्या बांधावरून पाय घसरला आणि मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी सांगितले, तीन आठवडे उठून बसायचेसुद्धा नाही. जावयाची सुट्टी संपत आलेली, तारीख हलवता येईना. फार विनवण्या केल्यावर डॉक्टर म्हणाले, "न्यायचंच असेल तर सपाट झोपवून न्या, आणि सावकाश."

फुलाबाईंना ते पटले नाही. आमच्याकडे लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने पाहायचे नसते. ती पाठ फिरवून तुळशीला पाणी घालत बसते. "बघायचंच न्हाय, तर हिला हलवायची कशाला?" त्या म्हणाल्या.

"मला कुठं बघायचंय, वन्सं?" प्रयागबाई खाटेवरून म्हणाल्या. "पण अक्षता पडल्यावर पोरगी आईला हुडकंल. तवा मी तितं नगं का?"

फुलाबाईंनी भावजयीच्या अंगावरची चादर नीट केली.

न्यायचे ठरले, पण माझ्यातून नाही. नवरीच्या आईने व्याह्यांच्या दारात मेथीचा वास मारणाऱ्या गाडीतून उतरायचे, हे सावळारामांच्या मनाला लागले. बारामतीत मानसिंगांची भाड्याची मोटार होती, लांब नाकाची, खिडक्यांना पडदे असलेली. सावळारामांनी एक सुतळी घेतली, प्रयागबाईंच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि मोटार मापायला गेले. परत आले ते खुशीत. "सुतळी जवळजवळ तीनदा बसली," ते म्हणाले. "तीन प्रयागबाया झोपत्याल." मी दारातच उभी होते. त्यांनी मोटार बाहेरून मापली होती, हे मला कळले, पण सांगणार कशी?

लग्नाच्या सकाळी नऊ वाजता मोटार आली. प्रगती आदल्या दिवशीच वऱ्हाडाबरोबर पुढे गेली होती. चौघांनी प्रयागबाईंना फळीवरून उचलले आणि मागच्या दारातून आत सरकवले. डोके आत गेले, खांदे गेले, पण पाय बाहेरच राहिले. दुसऱ्या बाजूने पाहिले, तेच झाले. पुढचे बाकही तेवढेच. मानसिंग म्हणाले, "वैनी, पाय जरा दुमडता आलं तर..." प्रयागबाईंनी दुमडून पाहिले. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून सावळारामांनी त्यांना लगेच बाहेर काढायला लावले. मग खिशातून सुतळी काढून त्यांनी पहिल्यांदाच आतून माप घेतले. वीतभर कमी.

"एवढी मोठी गाडी गेली कुठं?" ते म्हणाले.

मानसिंगांनी मान खाली घातली. "नाकात गेली, तात्या. ऱ्हायली ती डिकीत."

दहा वाजून गेले होते. साडेबाराचा मुहूर्त. सावळाराम अंगणात नुसते उभे राहिले, सुतळी हातात लोंबत होती. खाटेवरून प्रयागबाईंचा आवाज आला, "अवं, नकटी आणा. तिच्यात तीन क्रेट लांबीला बसत्यात. तीन क्रेट म्हंजी मी."

माझ्यातले टोमॅटो भराभर उतरवले, मला धुतले, गादी अंथरली. सावळारामांनी माझ्या आत सुतळी धरली. ती बसली आणि वर वीतभर जागा उरली. त्या वेळी मला जे वाटले, ते आयुष्यात पुन्हा कधी वाटले नाही. फुलाबाईंनी मानाची मोटार सोडली आणि भावजयीला धरून बसायला माझ्यात आल्या, एक क्रेट पालथा घालून.

मी इतक्या जपून कधीच चालले नव्हते. निमगाव केतकी मागे पडले तेव्हा बारा वाजले होते. मांडवाशेजारी थांबले, तेव्हा मंगलाष्टके चालू होती. प्रयागबाईंनी रीत मोडली नाही. तोंड माझ्या पत्र्याकडे केले आणि फुलाबाईंनी आणून दिलेल्या तुळशीच्या डहाळीवर थेंब थेंब पाणी सोडत पडून राहिल्या. त्यांचे डोळे कुणाला दिसत नव्हते. पण तो पत्रा म्हणजे मीच, मला दिसत होते.

अक्षता पडल्या, विधी उरकले. मग प्रगतीने मान वळवून गर्दीत शोधले. माझे सरकते दार उघडेच होते. ती पळतच निघाली. शालूला नवरदेवाच्या उपरण्याची गाठ बांधलेली, त्यामुळे तो गडी मुंडावळ्या सावरत मागोमाग ओढला गेला. दोघे माझ्यात शिरले. आईच्या उशाशी जी वीतभर जागा उरली होती, तिथे प्रगती अंग चोरून बसली आणि आईच्या कपाळावर कपाळ टेकले. जावई फुलाबाईंच्या क्रेटवर बसला. "मावंल का सगळी?" त्याने विचारले.

"नकटीत मावत्यात," फुलाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच ते नाव चांगल्या अर्थाने उच्चारत होत्या.

आज चार वर्षे झाली. प्रयागबाई आता शेतात चालतात. मालासाठी मोठा टेंपो आला आणि मी गोठ्यामागे उभी आहे. माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. मला त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? मित्रांनो, तुमच्या दारामागेही असे कुणी जुने उभे असेल. त्याला टाकून द्यायचे की ठेवायचे, हे बाहेरून पाहून ठरवू नका.

परवा भंगारवाला आला. दोन पावलांत मला मापून म्हणाला, "तात्या, हिच्यात आता काय ऱ्हायलं न्हाय."

माझ्या आरशाला ती दोन गाठींची सुतळी अजून बांधलेली होती. सावळारामांनी ती सोडली, त्याच्या हातात दिली आणि माझे दार सरकवले.

"आतनं माप," ते म्हणाले.